शेपटीची पाकिटं

कागद आधीच छापून तयार होता, फक्त सही बाकी होती. साहेबांनी तो टेबलावरून असा पुढे सरकवला, की जणू पाण्याचा पेलाच देतायत.

"वाचा मावशी, सावकाश. घाई नाही."

घाई नाही असं जो माणूस सांगतो, त्यालाच सगळ्यात जास्त घाई असते. मावशीनं चष्मा चढवला. ‘मिश्रण विभागात काम करताना मी ठरलेल्या वेळेपेक्षा कमी वेळ मिक्सर फिरवला. त्यामुळे काही पाकिटांत मिठाचं प्रमाण वाढलं. ही चूक मला मान्य आहे.’ खाली तिचं नाव आणि सहीसाठी रेघ.

"मी कमी फिरवला?"

"तीन तक्रारी आल्यात. एका दवाखान्यानं तर खोकंच परत पाठवलं. पाकीट चाखलं तर तोंड वाकडं होतंय म्हणतात."

"पण मिक्सरमधला नमुना दर वेळी पास होतो, साहेब. तुमचीच प्रयोगशाळा सांगते."

"तो नमुना काढतं कोण?" साहेब हसले. "तुम्हीच ना?"

झालं. बावीस वर्षं त्या दीड वाक्यात गुंडाळून ठेवली बाजूला. मावशीची कानशिलं तापली. चोर म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इतक्या गोड आवाजात कुणी खोटारडी म्हटलं, की माणसाला शब्द सापडत नाहीत.

"उद्या दुपारपर्यंत विचार करा. सही केलीत तर पॅकिंगला बदली, विषय संपला. नाही केलीत तर चौकशी लावावी लागेल. मग माझ्या हातात काही राहत नाही."

कागद घेऊन ती बाहेर आली.

कारखाना लहान होता. तिथं मीठसाखरेच्या भुकटीची पाकिटं व्हायची. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की लिटरभर पाण्यात एक पाकीट घोळायचं आणि घोटघोट पाजायचं. लहान मुलांचा जीव त्यावर वाचतो. म्हणून त्यातलं मीठ इतकं म्हणजे इतकंच लागतं. जास्त झालं तर जीव वाचवायला आणलेलं पाकीटच जिवावर उठतं. मावशीला हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि तिनं ते कानांत ठेवलं नव्हतं, हातांत ठेवलं होतं. वरच्या मजल्यावर तिचा मिक्सर: दोन जाड नळकांडी एकमेकांना तिरकी चिकटवल्यासारखा स्टीलचा ड्रम, उलटासुलटा होत फिरणारा. पंधरा मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. मग झाकण उघडलं की माल जमिनीतल्या पाईपमधून खालच्या मजल्यावरच्या हॉपरमध्ये पडायचा. हॉपर म्हणजे माणूसभर उंचीचं नरसाळंच. त्याच्या बुडाशी पाकिटं भरायचं मशीन.

त्या मशीनवर ठोक्या. चाळिशी उलटलेला गडी, पण नाव ठोक्याच, कारण हॉपरमध्ये माल अडकला की तो लाकडी मोगरी घेऊन बाहेरून ठोकायचा. पूर्वीचं मीठ पिठासारखं बारीक होतं. हवेतली ओल शोषून त्याचे गोळे व्हायचे, हॉपरच्या गळ्याशी कमान धरून बसायचे, आणि खालचं मशीन उपाशी. आठ महिन्यांपूर्वी मीठ बदललं. नवं मीठ दाणेदार, चकचकीत, कोरडं. गोळा नाही, धूळ नाही. हॉपर पाण्यासारखा वाहायला लागला. साहेबांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि ठोक्यानं मोगरी खिळ्याला टांगली.

तक्रारी आल्या तशी मोगरी परत खाली आली. ठोक्याचं म्हणणं, "जरा ठोकलं की आतल्या आत एकजीव होतं." मावशीनंही पंधराची पंचवीस मिनिटं केली होती. तिसरी तक्रार त्या पंचवीस मिनिटांच्या मालाचीच होती. हे ती साहेबांना सांगणार होती, तेवढ्यात त्यांनी तो प्रश्न विचारला होता.

"केलीस का सही?" ठोक्यानं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"भिंतींनी. अगं, करून टाक मावशी. पॅकिंगला ये इकडे, मी आहे. दिवसभर गप्पा मारू."

"तुझ्या गप्पा ऐकण्यापेक्षा चौकशी बरी."

तो खो खो हसला. ती हसली नाही. ‘चूक मला मान्य आहे’ हे शब्द डोक्यातून जाईनात. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. खरंच आपला हात चुकला असेल तर? म्हातारं होत चाललेलं माणूस दुसऱ्यापाशी कधी कबूल करत नाही, पण स्वतःला रोज हेच विचारत असतं.

संध्याकाळी घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी रस्त्याचं काम चाललं होतं. एक ट्रक मागचा भाग उचलून खडी ओतत होता. वाट अडली म्हणून ती उभी राहिली. ढीग वाढत होता. टेकडीसारखा उंच व्हायचा, मग कडा ढासळायच्या, की पुन्हा वाढायचा. आणि दर ढासळीला मोठे दगड घरंगळत खाली जायचे, कडेला, तिच्या चपलांपर्यंत. बारीक कच मात्र जिथं पडली तिथंच मुरायची, मधोमध. ट्रकमध्ये सगळं एकत्र होतं. ओतताना वेगळं झालं.

मावशी दोन पावलं मागे सरली आणि बघतच राहिली.

"ओ मावशी, डोक्यात घ्यायचीय का खडी?" ट्रकवाला ओरडला. "व्हा की बाजूला!"

"थांब रे जरा. अजून ओत."

"तुमच्या सोयीनं ओतू होय?" तो म्हणाला, पण त्यानं ओतलं.

घरी कुणी नव्हतं. मुलगा कामावर, सून चिमणीला घेऊन दवाखान्यात दाखवायला गेलेली. चिमणी म्हणजे नात, चार वर्षांची. मावशीनं डब्यातलं जाडं मीठ वाटीत काढलं, त्यावर मुलाच्या पेनातल्या निळ्या शाईचे थेंब टाकले आणि तव्यावर मंद आचेवर परतलं. कोरडं, निळं मीठ. दुसऱ्या वाटीत पिठीसाखर. दोन्ही काचेच्या बरणीत घालून हात दुखेपर्यंत हलवलं. बरणीत सगळीकडे सारखा फिकट निळा रंग आला. तिच्या मिक्सरमधून असंच निघत होतं, शपथेवर.

मग तिनं तेलाचं नरसाळं ताटावर धरलं, खालचं तोंड बोटानं दाबलं आणि वरून बरणी हळूहळू ओतली. मधोमध पांढरं साचत गेलं आणि निळे दाणे घरंगळत कडेला, पत्र्याला जाऊन चिकटले. तिनं बोट काढलं. आधी मधलं धावलं, पांढरं. कडेचं जागचं हललंही नाही. अगदी शेवटी, नरसाळं रिकामं होता होता, कडेचा माल घसरला. ताटात त्या शेवटच्या मुठीचा रंग गर्द निळा होता.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी नरसाळ्यावर बोटानं टिचक्या मारल्या, ठोक्यासारख्या. मधली साखर तेवढी दाबून बसली. शेवटची मूठ निळी ती निळीच.

मग तिनं निळं मीठ खलात कुटून साखरेइतकं बारीक केलं आणि तसंच ओतलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच रंग.

मावशी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली आणि पदर तोंडात धरून हसली. मग थोडी रडलीही. हात चुकला नव्हता. पंधरा मिनिटांत मिसळलेलं हॉपरमध्ये पडताना फुटत होतं, आणि ते चकचकीत मीठ आणलं होतं साहेबांनी. सून आली तेव्हा निळं ताट बघून दारात थबकली.

"हे काय, आई?"

"काही नाही, कारखान्याचं काम."

सुनेनं पुढे विचारलं नाही. महिन्याभरापासून ती कामापुरतंच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं साहेबांच्या टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या, वर्तमानपत्र अंथरलं आणि पिशवीतून बरणी, नरसाळं आणि ताट काढलं. साहेब म्हणाले, "हे काय दुकान मांडलंय?" ती म्हणाली, "बघायला पैसे पडत नाहीत साहेब." वरच्या खोलीतली नवी इंजिनिअर मुलगी नकाशे घेऊन आली होती, तीही थांबली. दोन महिन्यांपूर्वीच लागलेली. अजून जिन्यावरून जाताना सगळ्यांना नमस्कार करायची.

मावशीनं ओतलं. पांढरं आलं, फिकट आलं, शेवटी निळं आलं. मग कुटलेल्या मिठाची बरणी ओतली. सगळं एकसारखं.

"अरे, हे तर..." इंजिनिअर मुलगी ताटावर वाकली. "मावशी, तुम्हाला कुणी शिकवलं हे? मोठे दाणे घरंगळतात, बारीक मध्ये राहतात. नरसाळ्याच्या भिंतीचा उतार कमी असला की मधलंच आधी निघतं, कडेचं शेवटी. हे आमच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात आहे!"

ती बिचारी कौतुकानं म्हणाली. पण मावशीचा इतका वेळ धरलेला बांध त्या वाक्यानं फुटला.

"पहिल्याच धड्यात?"

"हो, म्हणजे अगदी सुरुवातीलाच."

"मग मीठ बदललं त्या दिवशी तो धडा कुठं होता? कपाटात? मला पुस्तक कुणी दिलं नाही, मी मागितलंही नाही. मी पंधरा मिनिटं मोजत होते. तुमच्याकडे पुस्तक, तुमच्याकडे खुर्ची, तुमच्याकडे मीठ निवडायचा अधिकार. आणि सही माझी?"

मुलीचा चेहरा पडला. "मी तेव्हा नव्हते, मावशी," ती हळूच म्हणाली.

"तुला नाही गं बोलत. जे होते त्यांना बोलतेय."

जे होते त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती. मग साहेबांनी घसा साफ केला. "ठीक आहे. मीठ दळून घेऊ, चाळून घेऊ. हॉपरचंही बघू. मावशी, तो कागद द्या, फाडून टाकतो. समजा झालंच नाही."

"असू दे माझ्याकडे," मावशी म्हणाली. "एक बाजू कोरी आहे, उपयोगाला येईल."

जिना उतरताना तिला पिसासारखं हलकं वाटत होतं. बावीस वर्षांत कुणी त्या खोलीत असं बोललं नव्हतं. खाली ठोक्या सकाळचा माल संपवून हॉपर रिकामा करत होता. त्याला बातमी आधीच कळली होती. त्या भिंतींना कामच तेवढं.

"या, या, शास्त्रज्ञ बाई! म्हणजे माझी मोगरी निर्दोष?"

"तुझ्या मोगरीनं बिघडवलंच, पण तुला काय कळतंय म्हणून माफ."

"मग घे बक्षीस." त्यानं एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली. "आज शेपटी मोठी निघाली. दहा तुझी."

शेपटी म्हणजे शेवटचं अर्धवट खोकं. माल संपताना जी पाकिटं निघायची, त्यांनी खोकं भरायचं नाही. अर्धं खोकं विकता येत नाही, टाकवत नाही. म्हणून ती कामगारांनी वाटून घ्यायची. कित्येक वर्षांची पद्धत. कुणी दोन न्यायचं, कुणी चार. मावशी सगळ्यात जास्त न्यायची, कारण तिच्या गल्लीत पोरं फार आणि दवाखाना लांब. कुणाचं पोट बिघडलं की रात्री-अपरात्री तिचंच दार वाजायचं. औषध नसेल, डॉक्टर नसेल, पण मावशीकडे पाकीट असणार. या एका गोष्टीचा तिला मनातून फार अभिमान होता.

तिनं पिशवी घेतली. हातात दहा पाकिटं. हॉपरच्या कडेची, शेवटच्या मुठीची.

ती तिथंच उभी राहिली.

"काय गं?" ठोक्या म्हणाला.

महिन्यापूर्वी चिमणीला जुलाब लागले होते. मावशीनं डब्यातलं पाकीट काढून दिलं, सुनेनं पाण्यात घोळलं, दोघींनी मिळून पाजलं. पोर सुधारायच्या ऐवजी सुस्तावली, सारखं पाणी मागायला लागली, मग डोळेच उघडेना. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगात मीठ वाढलंय, पाणी कमी घातलं होतं का? आणि मावशीनं सगळ्यांसमोर, नर्ससमोर, मुलासमोर, सुनेकडे बोट दाखवलं होतं. सून म्हणाली होती, "लिटरभर मोजून घातलं, आई." त्यावर मावशी म्हणाली होती, "तुझं मोजणं मला माहीत आहे."

तुझं मोजणं मला माहीत आहे. नमुना काढतं कोण, तुम्हीच ना? दोन्ही वाक्यं एकाच मापाची होती. साहेबांनी निदान तिला एक दिवस दिला होता. तिनं सुनेला तेवढाही दिला नव्हता.

चिमणी वाचली. पण आठ महिन्यांत गल्लीत किती पाकिटं गेली? वाटताना कोण मोजतं?

मावशी जिन्याच्या पायरीवर बसली. ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला, कोरी बाजू वर केली आणि ठोक्याच्या खिशातलं पेन ओढून घेतलं. शिवणवाली. कोपऱ्यावरचा सायकलवाला, त्याच्या जुळ्या मुली. दोन खोल्या सोडून राहणारी नवी बाळंतीण. पेपर टाकणारा. वरच्या मजल्यावरची शिक्षिका, तिच्या आईसाठी. आठवेल तसं लिहीत गेली. सोळा घरं झाली. सतराव्याला पेन थांबलं. कुणीतरी पहाटे येऊन नेलं होतं, चेहरा आठवत होता, घर आठवत नव्हतं.

"ठोक्या, तू नेलेली पाकिटं कुठं आहेत?"

"घरी. का?"

"आज जाऊन फेकून दे. मोरीत नको, पोरं खेळतात. खड्ड्यात पूर. आणि ज्यांना दिलीस त्यांच्याकडून आण परत."

ठोक्यानं थट्टा करायला तोंड उघडलं, तिचा चेहरा बघितला आणि मिटलं.

ती पुन्हा वर गेली. या वेळी तिनं दार वाजवलं नाही.

"साहेब, शेवटची पाकिटं आम्ही घरी नेली. पण शेवटचं भरलेलं खोकं दर वेळी बाहेर गेलंय. आठ महिन्यांचं. ते परत मागवा."

"मावशी, आता विषय संपला ना? तुमचं नाव निघालं त्यातून."

"माझं निघालं. मिठाचं कुठं निघालंय?"

साहेब म्हणाले, बघू. बघू या शब्दात आजवर किती गोष्टी पुरल्या गेल्या असतील, त्याची कुठं नोंद नाही. पण इंजिनिअर मुलगी अजून तिथंच होती, निळ्या ताटाकडे बघत. ती म्हणाली, "पत्र मी लिहिते, सर. कुठली खोकी ते माझ्याकडे नोंदीत आहे. खाली सही माझी असेल." तिचा आवाज कापत होता. कापत का होईना, निघाला.

"तुमची नोकरी नवी आहे," साहेब म्हणाले.

"हो सर. पण धडा जुना आहे."

मावशीनं तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि ती घरी जायला निघाली. पाळी संपायला दोन तास होते. कुणी अडवलं नाही.

सून ओट्याशी भांडी घासत होती. चिमणी खाली बसून कालच्या निळ्या मिठाचे उरलेले दाणे बोटानं ओळीत लावत होती. मावशीनं आधी ते दाणे तिच्यापुढून उचलले. मग उभी राहिली. साहेबांसमोर धडाधडा बोललेली बाई, इथं तिला सुरुवातच सापडेना. बाहेरच्या माणसाशी भांडायला धीर लागतो, घरातल्या माणसापुढे चूक कबूल करायला त्याहून जास्त.

"तू पाणी बरोबर घातलं होतंस," ती म्हणाली. "लिटरभरच. पाकिटातच मीठ जास्त होतं. मी आणलेल्या."

सुनेचे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला.

"डॉक्टरांसमोर बोलले तुला. चुकले मी."

सून वळली नाही. "मला माहीत होतं," ती भांड्याकडे बघत म्हणाली. "मी दोनदा मोजलं होतं. तेव्हापासून रोज मोजते. तुम्ही झोपल्यावर तोच तांब्या घेऊन, तेच पाणी. वाटायचं, आपणच तर चुकलो नाही ना."

मावशीनं हात लांबवून नळ बंद केला.

मग तिनं ब्लाउजमधून कागद काढून ओट्यावर ठेवला. सुनेनं ओले हात पुसले आणि कोरी नसलेली कोरी बाजू वाचली. मग उलटून छापील बाजूही वाचली, शेवटच्या रेघेपर्यंत. ती रेघ रिकामीच होती. तिनं कागद पुन्हा पालटला.

"यात पेपरवाल्याची बहीण राहिली," ती म्हणाली. "मागल्या आठवड्यात पहाटे आली होती. तुम्ही अर्धवट झोपेत दिलंत."

"तीच. तिचंच घर आठवेना."

"मला माहीत आहे."

सुनेनं ओट्याखालून रिकामी पिशवी काढली, चिमणीला कडेवर घेतलं आणि पायांत चपला सरकवल्या.

"चला. खालच्या टोकापासून सुरू करू," ती म्हणाली. "तिकडे लहान मुलं जास्त आहेत."